एकट्या गाड्याचा दुसरा नंबर

समस्त शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ग्रामस्थ मंडळींना, तसंच पोटापाण्यासाठी पुण्या-पिंपरीला गेलेल्या त्यांच्या भाऊबंदांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की सन दोन हजारनंतरच्या त्या धामधुमीच्या वर्षांत या दोन तालुक्यांमध्ये एका इंजिनावरून जो प्रदीर्घ कलह पेटला होता, त्याची खरी हकीकत आज जाहीर करण्यात येत आहे. कलहातले दोन्ही पक्ष हयात आहेत. दोघांनाही चष्मे लागले आहेत आणि दोघंही अजून आपलंच खरं म्हणतात. तरी मंडळींनी चपला बाहेर काढून शांतपणे बसावं. मोबाइल बंद ठेवावेत. रडणारी पोरं आयांनी बाहेर न्यावीत.

आमच्या भागाला तेव्हा इंजिनं दोनच ठाऊक होती. एक विहिरीवरचं, दुसरं दौंडच्या फलाटावरचं. आमचं हे तिसरं. ते दिसत नव्हतं, त्याला डिझेल लागत नव्हतं. वीज मात्र लागायची, आणि ती नेमकी त्याच वेळी नसायची.

मी शिरूरचा. माझे थोरले चुलते, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, त्यांची शिरूरात पिठाची गिरणी होती आणि गिरणीवर एक खोली. त्या खोलीत एक कॉम्प्युटर, मी आणि माझा दौंडचा मित्र असे तिघं राहायचो. मित्र रेल्वे क्वार्टरात वाढलेला, वडील गाडीचे ड्रायव्हर. तो दिवसभरात बोलेल तितकं मी दात घासताना बोलून घ्यायचो. त्यामुळं कामाची वाटणी आपोआप झाली. प्रोग्राम त्यानं लिहायचा. चित्रं मी काढायची, आणि तोंडही मीच चालवायचं. खाली गिरणी सुरू झाली की वर मॉनिटर थरथरायचा आणि कीबोर्डावर पीठ बसायचं. गव्हाच्या दिवसांत पांढरं, बाजरीच्या दिवसांत करडं.

आम्ही खेळ बनवत होतो. बैलगाडा शर्यतीचा. जगात मोटारींचे खेळ होते, विमानांचे होते, बंदुकीचे तर किती. आमच्या बैलांचा एकही नव्हता. हा अन्याय दूर करायला आम्ही दोघं गिरणीवर चढलो होतो.

परगावच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं शर्यतीत गाडे एकमेकांशेजारी पळत नाहीत. चढाची वाट असते, तिला घाट म्हणायचं. घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, तीच त्याची बारी. चार बैल, मागं हलका गाडा, आणि सगळ्यांच्या पुढं एक घोडी, स्वारासकट. घोडी पुढं सुसाट सुटते म्हणून तिच्यामागं बैल पेटतात. पंच घड्याळ लावतात ते बैलांना. ज्याची वेळ कमी, त्याचा पहिला नंबर. घोडी सगळ्यांच्या आधी वर पोचते आणि तिला कोणीही मोजत नाही. हे आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं, म्हणून ते कोणी कोणाला सांगत बसत नाही. आमचं पुढं जे काही झालं, ते या न सांगण्यापायीच.

आता इंजिन म्हणजे काय? गाड्याला जसा साट्याचा सांगाडा, चाकं आणि जू, तसं खेळाला इंजिन. कोण किती जोरात पळेल, कशाला धडकलं तर काय होईल, शर्यत कधी संपली आणि कोण जिंकलं, हे सगळं ते ठरवतं. चित्रं म्हणजे शिंगांना लावलेला बेगड. मित्रानं हे इंजिन स्वतः, एकट्यानं, कॉलेजच्या काळ्या पडद्याच्या कॉम्प्युटरपासून लिहीत आणलं होतं. घाटातली प्रत्येक गोष्ट त्यात होती. बैल दमले की मान खाली घालायचे. निशाण ओलांडलं की घोडी अंग चोरून डावीकडं वळायची, मागून येणाऱ्या बैलांना वाट द्यायला. असं त्यानं पाहिलं होतं, म्हणून तसंच लिहिलं होतं.

फक्त दिसायला ते सगळं भयंकर होतं. बैल म्हणजे वीट. विटेला चार काड्या, पुढं दोन काड्या. घोडीही वीट, पण तिला शेपूट. त्या इंजिनाला रंग सोळाच कळायचे. मी गुलाल मागितला तर मित्र म्हणाला, "गुलाल पायजे तर बाभळी काढून टाक. रंग संपले."

त्यात आम्ही नवा कॉम्प्युटर आणला आणि नवीनच पीडा झाली. जुन्या यंत्रावर बेतलेलं ते इंजिन नव्या यंत्रावर इतकं जोरात पळायला लागलं, की बटण दाबायच्या आत बैल वर पोचलेले. भिर्रर्र म्हणायला तोंड उघडावं तर शर्यत संपलेली. मित्रानं यावर काय तोड काढली? प्रत्येक पावलानंतर तो कॉम्प्युटरला उगाच आकडे मोजायला बसवायचा. मास्तर बाहेर जाताना पोरांना पाढे म्हणायला लावतात, तसं. कॉम्प्युटर पाढे म्हणायचा, मग बैल एक पाऊल टाकायचा, मग पुन्हा पाढे.

"हे इंजिन न्हाई," मी म्हणालो, "हे इनामगावच्या खोदकामात सापडलेलं मडकं हाय. हे म्युझियमला देऊ आन् नवं घेऊ."

"मडकं जुनं असलं तरी गळत न्हाई," तो म्हणाला आणि पाढे वाढवत बसला.

याच सुमाराला एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट सीडी आली. तिच्यात एक परदेशी इंजिन होतं. मोटारींच्या शर्यतीचं. तयार! आपण फक्त आपली चित्रं चढवायची. धूळ आपोआप उडणार, ऊन चमकणार, वळणावर सावली फिरणार. मी त्यात माझा एक बैल चढवून पाहिला. शिंगावर ऊन पडलं आणि शिंग लखकन् चमकलं. मंडळी, मी खुर्चीवरून उठून त्या बैलाला नमस्कार केला.

मित्र उठला नाही. म्हणाला, "ह्यांचं मोटारीचं हाय. ह्याला बैल कळत न्हाई."

"शिकवू की."

"ह्याच्या आत काय हाय ते बघता येत न्हाई. बंद हाय. शिकवणार कुठून?"

झालं, कलह पेटला. जुनंच डागडुजी करून वापरायचं, की सोडून नव्यावर जायचं? आम्ही चहाच्या टपरीवर भांडलो, एसटीत भांडलो, एकदा तर दाढी करताना भांडलो. दाढी त्याची, वस्तरा न्हाव्याचा, हातवारे माझे. शेवटी न्हावी म्हणाला, "तुमचं मिटू द्या, मग या."

आणि हे सगळं चालायला मोकळा वेळही नव्हता, कारण चाचांनी मुदत घातली होती.

चाचा म्हणजे मित्राचे वडील. रेल्वेतला त्यांचा दरारा काय सांगावा! सिग्नल मिळाला की गाडी हलली, मग फलाटावर कोणी का असेना. एकदा त्यांचा सख्खा मेहुणा सुटकेस डोक्यावर घेऊन फलाटावरून पळत होता, "भाईजान, भाईजान" करत होता. चाचांनी त्याला खिडकीतून सलाम केला आणि गाडी काढली. मेहुणा पुढच्या ईदला घरी आला नाही. चाचा म्हणाले, "आला असता तर उशिराच आला असता."

अशा माणसाचा पोरगा गिरणीवर बसून विटा पळवत होता. चाचांनी रांजणगावच्या एका कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला. शिरूरजवळच्या आप्पांच्या मूळ गावची जत्रा झाली की येणाऱ्या सोमवारी तो कंपनीच्या बसमध्ये बसणार, असं ठरवूनही टाकलं. मित्रानं फार विनवण्या केल्या तेव्हा एक अट घातली.

"जत्रंत चार लोकांम्होरं चालवून दाखव. मी स्वतः येऊन बघनार. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मधी न थांबता. लोकांनी मानलं तर मी पुन्यांदा नोकरीचा विषय काढनार न्हाई. न्हाई मानलं तर सोमवारी बस."

मित्राचं सगळं त्या एका बारीवर आलं. आणि ती बारी कोणत्या इंजिनावर पळवायची हेच ठरत नव्हतं.

निवाड्यासाठी मी त्याला घेऊन दौंडला गेलो. चाचांनी वाफेपासून सगळी इंजिनं हाताळलेली. मला वाटलं, म्हातारा जुन्या इंजिनाची बाजू घेणार, आपण तयारीनं जावं. चाचा ड्यूटीवरून येऊन फलाटावरच्या बाकावर डबा उघडून बसले होते. समोर मनमाडकडं जाणारी गाडी उभी होती. तेव्हा दौंडला अशा गाडीचं तोंड फिरायचं. इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, आणि तोवर प्रवासी भजी खायचे. मी आमचं भांडण दोन्ही बाजूंनी मांडलं. माझी बाजू अंमळ जास्त मांडली.

चाचांनी पोराकडं बघितलं. "तुझं जुनं इंजिन चालतंय?"

"चालतंय अब्बा. हळू करावं लागतं."

"आन् नवं?"

"दिसायला चांगलं हाय. पर माझं न्हाई ते."

"अरे, माझं तरी कुठलं इंजिन माझ्या बापाचं होतं?" चाचा उसळले. "वाफेच्या इंजिनावर कोळसा मारून मारून माझी कंबर गेली. लोक आता म्हनतात, काय त्या इंजिनाची शान, काय ती शिट्टी! शिट्टी ऐकनाऱ्याला असती, बेटा. फावडं माझ्या हातात होतं. डिझेल आलं तवा मी पेढे वाटले. नवं आलं की घ्यायचं!"

मी आनंदानं त्यांच्या डब्यातली एक चपाती उचलून खाल्ली.  आमची शिरूरची एसटी सुटली, पार घोड नदी ओलांडेपर्यंत मित्र तिकिटामागं आकडे मांडत होता. मग म्हणाला, "ठीक हाय. नवं लावू. पर जुनं कॉम्प्युटरातून काढायचं न्हाई. ऱ्हाऊ दे कोपऱ्यात."

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. जिंकलेल्या माणसानं थोडं उदार असावं.

मग सुरू झाली बैलाची मोटार करण्याची कहाणी. पहिल्याच दिवशी बैल वळणावर टायर घासल्यासारखे घसरत गेले. धोंड्याला धडकले तर काच फुटल्याचा आवाज आला. ते थांबले तेव्हा गाड्याच्या मागं दोन लाल दिवे लागले. मित्र माझ्याकडं बघत राहिला. मी त्या दिव्यांवर झेंडूची फुलं काढली. आता बैल थांबले की मागं झेंडू पेटायचा. पण दिसायचा छान. मोटारीच्या घरघरीच्या जागी आम्ही हलगी रेकॉर्ड करून घातली. मात्र बैलांनी गिअर बदलला की हलगीही वरच्या पट्टीत जायची, आणि चढावर तर ती किंचाळायचीच. आप्पांनी ऐकून विचारलं, "हलगीवाल्याला इंचू चावला का रं?"

पण बैल! ते चमकणारे खांदे, ते बेगड, ती धूळ! खुद्द आप्पांचे बैल मी फोटो काढून आणून चढवले होते, पाठीवरच्या डागांसकट. आप्पांच्या गाड्यानं खऱ्या घाटात कधी पहिला नंबर मारला नव्हता. तिसरा, चौथा, एकदा दुसरा. पडद्यावर आपले बैल बघून आप्पा गिरणीचा पट्टा चालू ठेवूनच वर आले आणि बराच वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "बैल झ्याक झाल्यात. पर घोडी कुठं हाय?"

आम्ही घोडी घातलीच नव्हती. नव्या इंजिनाला ती जड जाईल, खेळ अडखळेल, म्हणून शेवटी बघू म्हणून ठेवली होती.

"बिनघोडीची बारी?" आप्पा म्हणाले. "गावात त्वांड दाखवायला जागा ठिवनार का न्हाई?"

घोडी घालायची तर अडचण अशी, की त्या परदेशी इंजिनात वाटेवर आपणहून पळणारी वस्तू एकच: मोटार. मित्र म्हणाला, "घोडीलाबी मोटार करावी लागंल."

"कर."

"आपले बैल एक मोटार, घोडी दुसरी मोटार. पटतंय का तुला?"

"अरे, दिसनार घोडीच ना? मग आतून काय का असंना!"

हे वाक्य माझं. मी ते आजही अनेक ठिकाणी वापरतो.

जत्रेच्या आदल्या दिवशी घोडी तयार झाली. काय घोडी! आम्ही बारी लावून बघितली. घोडी सुटली, मागं बैल सुटले, धूळ उडाली, हलगी किंचाळली, अर्धा घाट चढून गेले, आणि लोडशेडिंग झालं. दिवे आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जीपमध्ये ठेवत असताना. शेवट बघायचा राहिला होता. पण शेवटात बघायचं काय? बैल एकटेच पळणार, एकटेच पोचणार. एकटा पळणारा हरणार कुणाशी?

देवळाच्या सभामंडपात गोणपाटं लावून अंधार केला होता. मंडपवाल्याचा सगळ्यांत मोठा टीव्ही आणला होता. त्याला कॉम्प्युटर जोडला. खरा घाट सकाळी होऊन गेला होता, त्यात आप्पांचा गाडा चौथा आलेला. त्यामुळं आप्पा फेटा न सोडता, आता काय ते इथंच, अशा तोंडानं कीबोर्डासमोर येऊन बसले. पंच पुढच्या रांगेत. त्यांच्या शेजारी आप्पांच्या गाड्यापुढं घोडी पळवणारे मामा. मी लहान होतो तेव्हापासून मामांची घोडीच आप्पांच्या बैलांपुढं पळायची. आणि पलीकडं खांबाला टेकून, इस्त्रीचा सदरा घालून, घड्याळ बघत चाचा. ते एक तास आधीच आले होते. मित्र कॉम्प्युटरमागं वायर धरून उभा होता. वायर घट्ट होती. उगाच धरली होती.

माइक अर्थात माझ्याकडं. आमच्याकडं घाटात बारी पुकारतात तशी मी पुकारली. "आली आली आली! आप्पांचे बैल जुंपले! पुढं मामांची घोडी! भिर्रर्र!"

आप्पांनी बटण बडवायला सुरुवात केली. बटण जेवढं बडवाल तेवढे बैल पळणार. मंडप उभा राहिला. शिट्ट्या, आरोळ्या, फेटे उडाले. घोडी निशाणापाशी पोचली, मागोमाग बैल, आणि मी कानठळ्या बसतील असा ओरडलो, "झाआआली!"

बारी न थांबता, अडखळता पार पडली. मी चाचांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मित्रानं वायर सोडली.

मग पडद्यावर निकालाची पाटी आली. ती पाटी मीच रंगवली होती, वर गणपती, दोन बाजूंना तुतारीवाले. इंजिन त्यात आपोआप नावं भरायचं. मी माइकवर वाचायला लागलो. "आन् मंडळी, आजचा निकाल! पहिला क्रमांक..." इथं मी आवाज लांबवला, कारण ती माझी खोड आहे. "पहिला क्रमांक... घोडी!"

तोंडातून निघून गेलं. पुढचं वाचायचं थांबवता आलं नाही. "दुसरा क्रमांक, आप्पांचा गाडा."

मंडपात चिडीचूप. पाटीवरचे तुतारीवाले तेवढे तुतारी वाजवत होते.

आप्पा हळूच म्हणाले, "मी एकलाच पळालो न्हवं?"

"एकलेच आप्पा."

"मंग दुसरा कसा?"

मागून कोणीतरी फुसकन् हसलं आणि सगळा मंडप फुटला. माणसं खांबांना धरून हसत होती. "आप्पा, पुढच्या वर्षी कुनीच पळू नका, तिसरा नंबर येईल!" एकजण तर जमिनीवर बसून फेट्यानं डोळे पुसत होता. चाचा हसत नव्हते. मित्राचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

तेवढ्यात घोडीवाले मामा उभे राहिले. त्यांनी टोपी नीट केली आणि पंचांकडं वळून म्हणाले, "गुलाल कुठं हाय?"

"कसला गुलाल?"

"माझी घोडी पहिली आली. माइकवर पुकारलंय. ती मरमर मरून सगळ्यांच्या आधी वर जाती, आन् गुलाल बैलांना! आजवर कवा कुनी तिचं नाव घेतलं? ह्या मशिनीला दिसलं, तुमाला दिसंना व्हय?"

पंचांना हसावं की रागवावं कळेना. एक पंच खरंच विचारात पडले. दुसरे म्हणाले, "नेमात घोडी धरत न्हाईत मामा."

"मशीन धरतंय की!"

"मशीन परदेशी हाय. त्याला आपला नेम ठाव न्हाई."

"मंग परदेशात माझ्या घोडीला न्याय हाय म्हना!"

वाद पेटला. जत्रेतली खरी शर्यत विसरून गाव दोन तट करून घोडी मोजावी की न मोजावी यावर बोलायला लागलं. मी माइकवरून शांततेचं आवाहन करत होतो आणि अधूनमधून मामांना हळूच मुद्दे पुरवत होतो.

या गडबडीत मित्र पुढं आला. आप्पांच्या शेजारी उकिडवा बसला, काहीतरी टाइप केलं, आणि पडदा काळा झाला. मग त्या काळ्यावर चार विटा आल्या. काड्यांसकट. पुढं शेपूटवाली वीट.

"हे काय?" कोणी विचारलं.

"बैल," मित्र म्हणाला.

गाव पुन्हा हसलं. "भट्टीवरची बारी हाय!" मित्रानं कीबोर्ड आप्पांकडं सरकवला. आप्पांना म्हणाला, "आप्पा, मारा."

आप्पांनी रागारागानं मारलं. विटा सुटल्या. पण मंडळी, अर्ध्या घाटात हसू थांबलं. कारण चढ लागला तशी डावीकडची वीट मागं पडायला लागली, आणि आप्पांचा खरा डावा बैलही चढाला तसाच मागं पडायचा. विटांनी मान खाली घातली. आप्पा पुढं वाकले, "उठ रं राजा, उठ," म्हणत बटण कुरवाळल्यासारखं दाबायला लागले. शेपूटवाली वीट निशाण ओलांडून अंग चोरून डावीकडं वळली. "बगा, माझी घोडी वळली!" मामा ओरडले. बैलांनी निशाण ओलांडलं तेव्हा कुठं घड्याळ थांबलं, आणि पाटीवर एकच नाव आलं. पहिला, आप्पांचा गाडा.

आप्पांच्या अंगावर गुलाल पडला. त्यांनी मूठभर गुलाल घेऊन जाऊन मामांच्या टोपीवर टाकला, म्हणाले, "हा घोडीचा." तट मिटले.

यानंतर जी रांग लागली ती संध्याकाळपर्यंत हटली नाही. ज्याला शर्यत लावायची तो विटा मागायचा. पाहुण्याला हसवायचं असलं की लोक म्हणायचे, "ती घोडी जिंकनारी लावा." माझं नवं इंजिन त्या दिवशी वाया गेलं असं जे मित्र सांगत फिरतो, ते साफ खोटं आहे. ते विनोदी विभागात उत्तम चाललं. शिंगं तर सगळ्यांनीच वाखाणली.

पण चाचा?  बराच वेळ खांबाशी उभे राहिले, मग रांगेत उभे राहिले. होय, रांगेत, आपला नंबर येईपर्यंत. नंबर आल्यावर चष्मा पुसून कीबोर्डासमोर बसले आणि म्हणाले, "विटा."

पहिली बारी त्यांची पार वाया गेली. दुसरीही. मागच्यांना त्यांनी हातानंच थोपवून धरलं. आप्पांची वेळ पाटीवर सगळ्यांत वर होती आणि आप्पा मिशीला गुलाल लावून शेजारीच बसले होते. "चाचा, रूळ नसतोय घाटाला," आप्पा म्हणाले. "हाकावं लागतंय." चाचांचे कान लाल झाले. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

बाहेर उन्हं उतरली. दौंडला जाणारी शेवटची एसटी वेशीपाशी येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. चाचा अशा वेळी अर्धा तास आधी वेशीवर असायचे. आज त्यांनी मानही वळवली नाही. दुसरा हॉर्न झाला. मित्र त्यांच्यामागं येऊन उभा राहिला. त्याचा सकाळपासूनचा प्रश्न तसाच होता. बारी एकदा बिघडली होती, एकदा जमली होती, आणि अट पुरी झाली की मोडली ते चाचांशिवाय कोणी सांगू शकत नव्हतं. मीही माइक खाली ठेवला.

"अब्बा," तो म्हणाला, "येष्टी चाललीय."

चाचांचं बोट बटणावर होतं, डोळे विटांवर. विटा चढाला लागल्या होत्या. "जाऊ दे."

मित्रानं विचारलं, "आन्... सोमवारची बस?"

"तीबी जाऊ दे रं!" चाचा सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असे ओरडले. "मधी बोलू नगं, माझी बारी चाललीय!"